कासवाच्या पिलाचा वाफसा

गेल्या मार्गशीर्षात इंग्लंडच्या मध्यभागातील एका लहानशा गावी, दुपारी चारलाच अंधारून आलेले आणि बाहेरचे धुके खिडकीच्या काचांना टेकलेले असताना, माझ्या अकरा वर्षांच्या नातीला ‘वाफसा’ म्हणजे काय हे समजावून सांगण्याचा माझा प्रयत्न चालला होता. आणि तो शब्द तिच्या परिचयाच्या कोणत्याही शब्दात बसेना, तेव्हा अखेर घमेल्यातली माती मी मुठीत घट्ट दाबली, मूठ उघडली आणि तळहातावरचा गोळा तिच्यापुढे धरला. बोटांच्या फटींतून पाणी आले नव्हते, तरी गोळा बांधला गेला होता. अंगठ्याने हलकेच दाबताच तो सुटून पडला. “ही वाफशावरची माती,” मी म्हणालो. “हिच्यात पाणी आहे आणि वाराही आहे. पेरणी करायची ती अशा मातीत.”

“मग ढेकूळला ही माती चालेल का, आजोबा?”

ढेकूळ हे तिच्या कासवाचे नाव, आणि ते मीच सुचवलेले. हे कासव हर्मन जातीचे. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यापासून दक्षिण फ्रान्स, इटली आणि पुढे बाल्कन प्रदेशापर्यंत, भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने ज्याची वस्ती आहे, ते हे स्थलचर कासव. पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या अशा दोन्ही प्राण्यांना मराठीत आपण एकाच नावाने हाक मारतो आणि त्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात, म्हणून आरंभीच सांगून ठेवतो की या लेखातील कासव पोहणारे नाही. ढेकूळचा जन्म माणसाच्या घरीच, कृत्रिम उबेत झालेला. या जातीची खरेदी-विक्री त्या देशात सरकारी दाखल्यावाचून करता येत नाही, आणि पोटाकडचे कवच 60 मिलीमीटरहून लांब झाले की कातडीखाली मायक्रोचिप बसवून तिचा क्रमांक दाखल्यावर चढवावा लागतो. माझ्या लेकीने हे सर्व दस्तऐवज एका फायलीत नीट लावून ठेवले होते. कसूर झाली ती कागदपत्रांत नव्हे, मातीत झाली.

विक्रेत्याने जे सांगितले ते वरवर पाहता पटण्यासारखेच होते. हा उन्हाळी मुलखातला प्राणी आहे, दमटपणाने त्याला सर्दी होईल, तेव्हा त्याला कोरडे ठेवा. त्यानुसार लाकडाच्या उघड्या पेटीत कोरडा भुसा पसरला, वर उष्णतेचा दिवा आणि अतिनील किरणांचा दिवा टांगला, बशीत पाणी ठेवले, आणि बागेतला डँडेलियन हे पिलू मोठ्या आवडीने खाऊ लागले. सहा-सात महिन्यांत त्याचे वजन वाढले, पण पाठ बिघडली. कासवाच्या पाठीवर मधोमध पाच आणि दोन्ही अंगांना चार-चार अशा तेरा मोठ्या ढाली असतात, आणि कडेने लहान ढालींची किनार असते. ढेकूळच्या त्या तेरा ढालींपैकी प्रत्येक ढाल मध्यभागी उचलली जाऊन तिची लहानशी टेकडी होऊ लागली होती आणि दोन टेकड्यांमध्ये खोलगट घळ पडत चालली होती. पशुवैद्याने पाहताच सांगितले की हे निरोगी वाढीचे लक्षण नाही. मी तिथे पोहोचलो त्या रात्री लेक मला म्हणाली, “बाबा, त्याला उपाशी नाही ठेवलं, थंडीत नाही ठेवलं. मग आम्ही चुकलो कुठे?”

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझ्या मुक्कामाचे कित्येक दिवस गेले, आणि ते दिवस सत्कारणी लागले असे मी मानतो. कासवाच्या पाठीवर अशी उंचवट्यांची वाढ का होते याविषयी पाळणाऱ्यांमध्ये बराच काळ एक समज रूढ होता. आहारात प्रथिने जास्त झाली की कवच बिघडते, असा तो समज. व्हिएन्नातील पशुवैद्यकीय विद्यापीठातील विझनर आणि इबेन या दोघांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या समजाला धक्का दिला. त्यांनी आफ्रिकेतील सुल्काटा जातीची 50 पिले जन्मापासून पाच महिने निरनिराळ्या आर्द्रतेत आणि निरनिराळ्या प्रमाणातील प्रथिनांवर वाढवली. ज्यांच्या भोवतालची सापेक्ष आर्द्रता 24 ते 58 टक्क्यांच्या दरम्यान राहिली त्यांच्या पाठी उंचसखल झाल्या. जी पिले 45 ते 99 टक्के आर्द्रतेत वाढली त्यांचे उंचवटे स्पष्टपणे कमी राहिले. प्रथिनांचा परिणाम होता, पण तो किरकोळ होता. मुख्य गोष्ट होती ती हवेतला ओलावा.

असे का व्हावे? ढालीचे वरचे आवरण आपल्या नखांसारख्याच शृंगद्रव्याचे असते आणि त्याच्या खाली हाड असते. वाढ होते ती ढालीच्या कडेला, दोन ढालींमधल्या सांध्यात, झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे एकेक वलय जोडले जाऊन. हा सांधा कोरड्या हवेत वेळेआधीच सुकून ताठ होतो आणि मग नवी वाढ सरळ बाजूला पसरण्याऐवजी खाली दबते, असे या विषयाचे जाणकार मानतात. ज्याने उन्हाळ्यात काळ्या रानाची वरची पापडी आवळताना, तडकताना आणि तिच्या कडा वळताना पाहिली आहे त्याला हे पटवून देण्यास फार खटपट लागत नाही. एकदा हाडाने तो आकार घेतला की तो मागे फिरत नाही. पुढची वलये मात्र सपाट येऊ शकतात. ढेकूळच्या बाबतीत आमच्या हाती उरले होते ते एवढेच.

तरीही एक कोडे होते. इंग्लंडसारख्या, वर्षभर पावसाची भुरभुर चालणाऱ्या देशात, धुके दाराशी उभे असताना, घरातले पिलू कोरडे पडावे कसे? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब मी नातीकडून कागदावर करून घेतला. 5 अंश सेल्सियसची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 6.8 ग्रॅम बाष्प धरू शकते. 22 अंशांची हवा 19 ग्रॅमहून अधिक धरते. आणि 30 अंशांची हवा 30 ग्रॅमच्या आसपास. बाहेर 5 अंश तापमानाला 90 टक्के आर्द्रता असली तरी त्या हवेत प्रत्यक्ष पाणी असते ते सुमारे सहा ग्रॅमच. तीच हवा घरात येऊन 22 अंशांपर्यंत तापली की त्या सहा ग्रॅमांची आर्द्रता 31 टक्के ठरते, आणि दिव्याखाली 30 अंशांना पोहोचली की जेमतेम 20. म्हणजे ज्या घराच्या छपरावर पाऊस वाजत होता त्याच घरातल्या त्या पेटीत, बोटाएवढ्या जीवाभोवती, वाळवंटाहून रूक्ष हवा अहोरात्र फिरत होती. नात हिशेब संपवून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे आपण त्याला ऊब देत होतो आणि त्याचं पाणी काढून घेत होतो.” याहून नेमके मला सांगता आले नसते.

वाळवंटातले कासवही खरोखर वाळवंटाच्या हवेत राहत नाही, हे या शोधात कळलेले सर्वांत मोठे सत्य. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने पसरलेल्या साहेलच्या रखरखीत पट्ट्यात राहणारे सुल्काटा हे खंडभूमीवरचे सर्वांत मोठे स्थलचर कासव. वर माती भाजत असते तेव्हा ते कित्येक मीटर लांबीच्या बिळात शिरून बसते, आणि त्या बिळाच्या तळाशी उष्मा कमी आणि दमटपणा जास्त असतो. प्रौढ हर्मन कासव आपल्याला भूमध्य समुद्राकाठच्या उन्हात फिरताना दिसते आणि आपण समजतो की त्याचे बालपणही त्याच उन्हात गेले असणार. पण पिले सहसा दिसतच नाहीत. पक्ष्यांच्या आणि श्वापदांच्या नजरेपासून दडण्यासाठी ती दिवसाचा फार मोठा भाग झुडपांच्या बुंध्याशी, कुजलेल्या पाल्याखाली, अर्धवट मातीत रुतून काढतात. आणि त्या जागी, जमिनीच्या दोन बोटे वरच्या थरात, पहाटेचे दव मुरलेले असते. हवामानखाते ज्या उंचीवरची आर्द्रता मोजते ती उंची कासवाच्या पिलाच्या आयुष्यात कधी येतच नाही.

या ठिकाणी मला आमच्या संतवाङ्मयातील कासवीचा दृष्टांत आठवल्यावाचून राहिला नाही. कासवी पिलांना पान्हा देत नाही, चोचीत चारा भरवत नाही. दूर राहून केवळ प्रेमळ दृष्टीने त्यांना पोसते, असे कीर्तनांतून लहानपणापासून ऐकत आलो. कृष्णाकाठच्या आमच्या गावच्या देवळात, नंदीच्या पुढ्यात कोरलेल्या दगडी कासवावर कपाळ टेकवताना आजी मला ते सांगत असे. निसर्गातली हकीकत याहून वेगळी आहे. मादी मागच्या पायांनी खड्डा उकरते, पाठमोरी राहूनच त्यात अंडी सोडते, मागच्याच पायांनी माती लोटून ती झाकते आणि निघून जाते. आपली अंडी ती डोळ्यांनी पाहतही नाही. हर्मन जातीची मादी हे काम वसंताच्या अखेरीस करते आणि पिले बाहेर येतात ती उन्हाळा सरताना, पहिल्या पावसाने घरट्यावरची टणक झालेली माती मऊ झाल्यावर. आईने त्यांच्यासाठी जे काही केले ते एवढेच, की जागा निवडली आणि वर माती ओढली. भक्ताला दृष्टांतातून जे घ्यायचे ते त्याने घ्यावेच. पण पिलाला पोसणारी, झाकणारी, पाणी पुरवणारी जी आहे ती माती आहे. तीच काढून घेऊन तिच्या जागी लाकडाचा कोरडा भुसा टाकणे हे पोरके करणेच आहे, असे मला वाटते आणि तसे मी लेकीलाही सांगितले.

मग आम्ही पेटी नव्याने भरली. यात कोणते पदार्थ घ्यावेत याहून कोणते घेऊ नयेत याची चौकशी आधी करावी लागली. देवदार आणि चीड यांच्या ताज्या भुशातून जे सुगंधी तेल उडते ते श्वसनमार्गाला बाधते. वर्तमानपत्राचा कागद घातला तर पाय घसरतात, पिलाला उकरता येत नाही आणि ओलावाही टिकत नाही. नुसती वाळू खाद्याबरोबर पोटात जाऊन आतडे तुंबवू शकते. गवताचा पेंढा ओला झाला की त्याला बुरशी धरते. बाजारात पिशव्यांतून मिळणाऱ्या कुंडीच्या मातीत बहुधा रासायनिक खत आणि पांढरे परलाइटचे दाणे असतात; ते दाणे कासव खाद्य समजून गिळते. अखेर आम्ही खत न घातलेली साधी पोयट्याची माती दोन भाग, कोकोपीट एक भाग आणि धुतलेली वाळू अगदी थोडी, असे मिश्रण केले आणि ते वीतभर खोल भरले. खोली महत्त्वाची, कारण चार बोटांचा थर एका दिवसात सुकतो, आणि पिलाला तर स्वतःला पुरून घेण्याइतकी जागा हवी.

कोकोपीटची ती विटेसारखी दाबलेली वडी पाण्यात टाकल्यावर फुगून घमेले भरून आली, आणि वेष्टनावर पाहिले तर उत्पादन भारताचे. नारळाच्या सोडणातून काथ्या निघाल्यावर जो भुगा उरतो आणि जो एके काळी टाकून देत असत, तो आज समुद्रापार जाऊन एका भूमध्यसागरी कासवाची उशी होतो, या गोष्टीचा मला मनापासून आनंद झाला. मात्र नुसता हा भुगा वापरू नये. वरून सुकला की त्याची धूळ उडते, आणि त्यात बीळ उभे राहत नाही, ढासळते. मातीने त्याला बांधून धरावे आणि त्याने मातीचे पाणी धरून ठेवावे, असा हा परस्परांचा संसार आहे.

पाणी घालण्याचीही एक रीत आहे. वरून तुषार मारले की पृष्ठभाग भिजतो, तासाभरात सुकतो आणि खालचा थर कोरडाच राहतो. आम्ही पेटीच्या चार कोपऱ्यांतून हळूहळू पाणी सोडले, ते तळाशी उतरले आणि तिथून वर चढत राहिले. पृष्ठभाग हाताला कोरडा, बोट खुपसले तर आत गार ओल. हाच तो वाफसा. एका कोपऱ्यात मातीचे भांडे आडवे करून अर्धे पुरले, त्यात ओले शेवाळ ठेवले. त्यावर पालापाचोळा पसरला. आणि उघड्या पेटीवर, दिव्यांची जागा सोडून, झाकण बसवले. आर्द्रतामापक एक नव्हे, दोन ठेवले, कारण भिंतीवर उंच टांगलेले यंत्र पिलाविषयी काहीच सांगत नाही. दिव्याखालच्या शेकण्याच्या जागी आकडा 45 ते 50 टक्के, दुसऱ्या टोकाला मातीलगत 65 ते 70, आणि त्या आडव्या भांड्यात 80 च्या वर. कोठे किती वेळ बसायचे हा अधिकार आम्ही ढेकूळकडे सोपवला. आणि पहिल्याच रात्री ते भांड्यात शिरून, शेवाळाखालची माती उकरून, केवळ पाठीचा मध्य दिसेल इतके खाली गेले.

ओलावा म्हणजे गारठा नव्हे, ही खबरदारी मात्र येथे सांगितलीच पाहिजे, कारण विक्रेत्याची भीती सर्वस्वी निराधार नव्हती. थंड आणि ओले एकत्र आले की कासवाच्या फुफ्फुसांना संसर्ग होतो, आणि त्याच्या शरीरात आपल्यासारखे श्वासपटल नसल्यामुळे साचलेला कफ ते जोराने खोकून टाकू शकत नाही. सदोदित चिखलात राहिले तर पोटाकडचे कवच कुजते. म्हणून दिव्याखाली 33 ते 35 अंशांचा शेक, तळाला ओल आणि वर कोरडा थर, हे तिन्ही एकत्र हवे. शिवाय, या लहान वयात, रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटे हनुवटीखाली राहील इतक्या कोमट पाण्यात त्याला बसवायचे. माझ्या लेकीकडच्या पितळी परातीला हे नवे काम मिळाले. पाण्यात बसताच ढेकूळ मान लांबवून नाकपुड्यांपर्यंत तोंड बुडवून पिऊ लागे, आणि मग कालवलेल्या चुन्यासारखा पांढरा घट्ट लोट टाकी. पाणी राखण्यासाठी हा प्राणी शरीरातील टाकाऊ नत्र अशा घट्ट रूपात बाहेर टाकतो. पाणी पुरेसे मिळाले नाही तर तोच पदार्थ मूत्राशयात साचून दगड होतो.

एक नियम सर्व जातींना लावू नये. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यातील लाल पायांच्या कासवाला प्रौढपणीही दमट हवाच मानवते, तर ईजिप्तच्या किनाऱ्याजवळचे चिमुकले कासव त्या हवेत आजारी पडेल. जात ओळखावी आणि तिचा मुलूख समजून घ्यावा.

चैत्रात, नातीच्या सुट्टीत, आम्ही हॅम्पशायरमधील सेलबर्न गावी गेलो. या गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. आपल्या परिसरातील पशुपक्ष्यांविषयी त्याने लिहिलेल्या पत्रांचा ग्रंथ 1789 साली निघाला, आणि त्यात टिमथी नावाच्या कासवाला मानाचे स्थान आहे. हे कासव मुळात ससेक्समध्ये राहणाऱ्या त्याच्या आत्याचे. तिच्या मृत्यूनंतर 1780 च्या मार्च महिन्यात व्हाइटने ते हिवाळी झोपेतून उकरून काढले, पेटीत मातीसकट बंदोबस्ताने ठेवले आणि घोड्याच्या गाडीतून ऐंशी मैल आणून आपल्या बागेत सोडले. पाऊस आला की टिमथी आडोशाला पळते, आणि नोव्हेंबर लागला की जमीन उकरून आत जाते, या दोन्ही गोष्टी त्याने टिपून ठेवल्या आहेत. व्हाइटच्या पाठोपाठ वर्षभरात टिमथीही गेली. तिचे कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे, आणि ती मादी होती हे तिच्या मरणानंतर उमगले. त्या बागेत उभा असताना मला वाटले की परदेशच्या गार पावसाला भिणारी आणि मातीच्या ओलीत मात्र विश्वासाने शिरणारी ती म्हातारी आमचा प्रश्न दोन शतकांपूर्वीच सोडवून गेली होती. गाडीच्या प्रवासात तिला माती द्यावी हे त्या पाद्र्याला सुचले, याबद्दल त्याच्याविषयी माझा आदर दुणावला.

मी परतलो तेव्हा ढेकूळच्या पाठीवर, जुन्या टेकड्यांच्या पायथ्याशी, फिकट पिवळ्या रंगाची दोन नवी वलये आली होती. ती सपाट होती. टेकड्या तशाच आहेत आणि त्या तशाच राहणार.

आता इकडच्या वाचकांना एक विनंती. हा लेख वाचून कोणाच्याही मनात कासव घरी आणण्याचा विचार येऊ नये. आपल्याकडे बाजारात चोरून विकले जाते ते बहुधा तारा कासव; गुजरात-राजस्थानच्या आणि आंध्र-तमिळनाडूच्या शुष्क झुडपी रानांतून पकडून, पिशव्यांत कोंबून शहरांत आणलेले. पावसाळा हाच त्याच्या हालचालीचा आणि मीलनाचा काळ. आमच्या बैठकीच्या खोल्यांत, फरशीवर, लक्ष्मी येईल या आशेने ठेवलेल्या या जीवाला ना माती मिळते ना पाऊस. 2019 साली जिनिव्हात भरलेल्या वन्यजीव-व्यापारविषयक परिषदेत या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. ते बाळगणे हा गुन्हा आहे. ज्यांच्या घरी असे कासव आधीपासून असेल त्यांनी ते जवळच्या तळ्यात किंवा विहिरीत सोडू नये, कारण ते पोहू शकत नाही आणि बुडून मरते. महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे, आणि वनखात्याचा माणूस येईपर्यंत त्याला खोक्यात, वाफशावरच्या मातीवर ठेवावे.